फाईल बाबांकडे आहे

माझ्या हृदयाविषयी माझ्यापेक्षा अमडापूरला जास्त माहिती आहे. आजही माहेरी जायला एसटीतून उतरले की स्टँडवरची कोणीतरी काकू आधी माझ्या छातीकडे बघते, मग तोंडाकडे, आणि शेजारणीला सांगते, ‘हे तेच ना, दिलाले भोक होतं ते? शाळेतल्या बाबूची पोरगी.’ पस्तिशी आली, एम.एस्सी., बी.एड. झालं, दहा वर्षं चिखलीच्या शाळेत विज्ञान शिकवते आहे. पण माझी ओळख सुरू होते ती भोकापासून. ‘काकू, ते बुजवलंय हो,’ असं मी पूर्वी सांगायचे. त्यावर ‘असू दे बाई, जपून राह्य’ असं उत्तर यायचं. आता मी नुसती मान हलवते आणि चालायला लागते. तेही जरा हळू, कारण भराभर चालले तर ती मागून ओरडणार.

जन्मले तेव्हा मी निळी होते म्हणे. रडले की ओठ जांभळे, नखं जांभळी. शेजारच्या घरातल्या आजींनी ‘पोरीनं शाई पेली’ असं निदान करून मला मिठाचं पाणी पाजायला लावलं होतं. चालायला लागले तेव्हा आणखी एक सवय लागली. दहा-बारा पावलं झाली की मी रस्त्यातच उकिडवी बसायचे. का बसते ते मला माहीत नव्हतं, बसलं की बरं वाटायचं एवढंच. हृदयाचा असा आजार असलेली मुलं अशीच बसतात, हे मला कित्येक वर्षांनी कळलं. गावाने मात्र त्याचा सरळ अर्थ लावला. एक बाई मला बखोटीला धरून उठवायची आणि ‘रस्त्यावर नाही बसू माय’ म्हणत थेट हागणदारीपर्यंत पोचवून यायची. तिथवर चालून गेल्यावर मला खरोखरच बसावं लागायचं, त्यामुळे तिची खात्री पटायची. माझं काही चालायचं नाही.

सहाव्या वर्षी मुंबईला ऑपरेशन झालं. मलकापूरहून गाडी होती. बाबांच्या एका हातात मी होते आणि दुसऱ्या हातात माझी फाईल. गाडी दोनच मिनिटं थांबते, तेवढ्यात दोघींपैकी कोणाला आधी आत ढकलावं याचा बाबांना क्षणभर विचार पडला होता, असं आई अजून सांगते. बाबा तेव्हा हायस्कुलात क्लार्क होते. घरच्या कपाटात विजेच्या बिलापासून लोकांच्या लग्नपत्रिकांपर्यंत सगळं तारखेवार लावलेलं. माझी फाईल त्या कपाटात सगळ्यात वरच्या खणात होती आणि तिला हात लावायची परवानगी मला नव्हती. ‘तुये हात ओले असतात,’ असं बाबा म्हणायचे. माझे हात कधीही ओले नसायचे, कारण मला पाण्याचं कुठलंच काम करू देत नव्हते.

मुंबईहून मी चांगली गुलाबी होऊन आले. उकिडवं बसणं बंद झालं. धावावंसं वाटायला लागलं आणि नेमकं तेव्हाच सगळ्यांनी मला बसवून ठेवलं. शाळेत पीटीच्या तासाला गुरुजी म्हणायचे, ‘तिले बसू द्या.’ खेळांच्या दिवशी मैदानाच्या कडेला सगळ्यांच्या चपला राखत मी बसलेली. पस्तीस जोड चपला इकडून तिकडे हलवताना दम लागला तर चालायचा, पण लिंबू-चमचा म्हटलं की ‘नको रे बाप्पा, काही झालं तं’. घरी आई मला बादली उचलू द्यायची नाही. आत्तेबहिणी सुट्टीत आल्या की हापशावरून पाणी आणून आणून वैतागायच्या आणि मी ओट्यावर. त्यांना वाटायचं माझी चैन आहे. मी एकदा रागाच्या भरात कळशी उचलून घरापर्यंत आणली. मला काही झालं नाही, आईला मात्र घेरी आली.

दर दिवाळीच्या सुट्टीत बाबा मला तपासणीला अकोल्याला न्यायचे. तिथे छातीवर गार चिकट मलम लावून, हातापायांना चिमटे लावून कार्डिओग्राम काढायचे. मशीनमधून गुलाबी रेघांच्या कागदाची लांब पट्टी बाहेर यायची. डॉक्टर मागच्या सगळ्या वर्षांच्या पट्ट्या टेबलावर एकाखाली एक मांडायचे आणि बराच वेळ बघायचे. बाबा शेजारी उभे राहून कोणती पट्टी कोणत्या वर्षाची ते सांगायचे. मला त्या मलमाचा फार राग यायचा. हिवाळ्यात फ्रॉक वर करून झोपायचं आणि वर ‘हलायचं नाही हं बाळा’ ऐकायचं.

मी नववीत असताना दिवाळी आली आणि गेली, अकोला झालं नाही. बाबांनी एक दिवस जेवताना सांगितलं, ‘मी डॉक्टरले फोन केल्ता. ते म्हणे, आता आणायची गरज नाही. पोरगी क्लिअर हाये.’ आईने गल्लीत पेढे वाटले. मला मलमापासून सुटका झाल्याचा आनंद झाला आणि त्याहून मोठा आनंद असा की आता मला पळता येणार. कसलं काय. दुसऱ्या दिवशी मी सायकल मागितली तर बाबा नाही म्हणाले. मी क्लिअर असेन तर मला सायकल द्या, आणि द्यायची नसेल तर क्लिअर कशाला म्हणता, असं मी विचारलं. ‘लय बोलू नको, दम लागते,’ असं उत्तर मिळालं. या घरात वाद घालून काही उपयोग नाही, हे मला तेव्हाच कळायला हवं होतं.

मग लग्नाची वर्षं आली. आमच्याकडे असल्या गोष्टी लोक झाकून ठेवतात. मुलीचा चष्मासुद्धा पाहुण्यांसमोर काढून ठेवतात. बाबांनी उलटंच केलं. पाहुणे येऊन बसले, पाणी झालं, की पोहे यायच्या आधी बाबा टीपॉयवर फाईल ठेवायचे. ‘आंधी कागद, मंग चहा,’ हे त्यांचं ठरलेलं वाक्य. मी आत पोह्यांवर खोबरं पेरत उभी आणि बाहेर माझं हृदय हातोहात फिरतंय. शेतीची कागदपत्रं बघावीत तशी माणसं पानं उलटायची. एका मुलाच्या काकांनी काळं चकचकीत पान खिडकीकडे धरून बराच वेळ पाहिलं आणि ‘हाव, दिसते ना भोक’ म्हणून पुढच्याला दिलं. दुसऱ्या एकांनी विचारलं, ‘याची गॅरंटी किती वर्साची हाये?’ पंप घ्यायला आल्यासारखं. मी पोह्यांचा ट्रे तसाच ओट्यावर ठेवला आणि मागच्या दाराने शेजारी जाऊन बसले. बाबांना त्यात काही चुकलंय असं वाटलंच नाही. ‘इच्यारलं तं इच्यारलं. मांगून तोंड पाडण्यापरीस बरं.’

नऊ स्थळं अशी कागद वाचून, चहा पिऊन गेली. दहाव्याने, म्हणजे आता जो माझा नवरा आहे त्याने, फाईल बाजूला सारली आणि म्हणाला, मला वाचायची नाही, मुलीशी बोलायचंय. कोणालाही आनंद व्हावा. बाबांना झाला नाही. जाताना त्यांनी त्याच्याकडून मागच्या पानावर ‘फाईल पाहिली’ असं लिहून घेऊन सही घेतली. आमच्या साखरपुड्यापेक्षा ती सही जुनी आहे. नवरा अजून भांडणात म्हणतो, मी न वाचता सही केली ती एकदाच.

तर अशी माझी फाईल अख्ख्या जिल्ह्याने पाहिलेली, फक्त मी नाही. मी दरवर्षी आठवीच्या फळ्यावर हृदय काढते. चार कप्पे, चार झडपा, लाल खडू, निळा खडू. पोरं विचारतात, ‘मॅडम, तुमचं भोक कुठी होतं?’ आणि मी दोन खालच्या कप्प्यांच्या मधे बोट ठेवून सांगते, इथे. ते कोणी मला सांगितलं होतं? कोणीच नाही. पुस्तकात भोक तिथे दाखवतात, म्हणून मी माझंही तिथेच ठेवलं होतं.

दोन वर्षांपूर्वी आमच्या शाळेने प्रयोगशाळा दुसऱ्या मजल्यावर नेली. जिना चढून गेले की मला कठड्याला धरून उभं राहावं लागायला लागलं. आधी वाटलं रक्त कमी असेल, मग वाटलं वय झालं. नंतर छातीत मधेच धडधड सुरू व्हायची आणि वर्गात बोलता बोलता वाक्य तुटायचं. माहेरी सांगायची सोय नव्हती, कारण सांगितलं असतं तर जिनाच काय, शाळाही बंद झाली असती. नवऱ्याला घेऊन मी गुपचूप संभाजीनगरला गेले. डॉक्टरीणबाई माझ्याच वयाच्या होत्या. त्यांनी छातीवरची जुनी खूण पाहिली, खूप वेळ ऐकलं, कार्डिओग्राम काढला, इको केला आणि विचारलं, ‘लहानपणी नक्की काय ऑपरेशन झालं होतं?’

‘भोक बुजवलं.’

‘फक्त भोक? झडपेचं काय केलं? ती कापून मोठी केली होती का, पॅच लावला होता का?’

विज्ञान शिकवते हे मी त्यांना आधीच सांगून बसले होते, ते सांगायला नको होतं असं वाटलं. त्यांनी कागदावर हृदय काढून दाखवलं, माझ्या फळ्यावरच्यापेक्षा वाईट, आणि समजावलं. माझ्यात एक दोष नव्हता, चार होते, एकत्र येणारे. भोक त्यातलं एक. फुप्फुसांकडे जाणारी झडप अरुंद होती, ती उघडली असणार, आणि उघडलेली झडप वर्षानुवर्षं गळत राहते. माझी आता खूप गळत होती आणि तिच्यामागचा कप्पा ताणून मोठा झाला होता. झडप बदलावी लागेल का आणि किती घाईने, हे ठरवायला एक गोष्ट लागणार होती. ‘हे सगळं हळूहळू झालंय की अलीकडे झपाट्याने, ते कळलं पाहिजे. जुने कार्डिओग्राम असतील ना? ते घेऊन या.’

‘आहेत,’ मी म्हटलं. एवढं एकच उत्तर मला येत होतं. ‘सगळे आहेत. फाईल बाबांकडे आहे.’

पुढच्याच रविवारी अमडापूरला गेले. बाबा आता सत्तरीचे आहेत, निवृत्त होऊनही रोज सकाळी इस्त्रीचा शर्ट घालून बसतात. मी सगळं सांगितलं. दम लागतो, धडधडतं, झडप गळते, जुन्या पट्ट्या हव्यात. आई स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभी राहिली. बाबा म्हणाले, ‘फाईल घराभायेर नाही जात. डॉक्टरीणबाईले जे पायजे ते लिहून आण, मी उतरून देतो.’

कार्डिओग्राम उतरून देणार होते. हाताने. मी हसले नाही, कारण मला इतका राग आला होता की हसू फुटेना. ‘बाबा, हृदय माझं आहे ना? की तेही कपाटातच ठेवायचंय?’ असं म्हणून मी खुर्ची ओढली, वर चढले आणि आयुष्यात पहिल्यांदा ती फाईल स्वतःच्या हाताने काढली. खुर्चीवरून उतरताना दम लागला, तो मी लपवला.

फाईल जड होती, कारण तिचं प्रत्येक पान लॅमिनेट केलेलं होतं. मुंबईचं डिस्चार्ज कार्ड, औषधांच्या चिठ्ठ्या, तपासणीचे कागद, सगळं कडक आणि चकचकीत. त्यानंतर काळी पानं सुरू झाली. लांबट, कोळशासारखी काळी, एकामागून एक. मी त्यांना एक्स-रे समजले. एक उजेडाकडे धरलं, काहीच दिसेना.

‘हे काय आहे?’

‘कार्डिओग्राम.’

‘हा?’

‘आठव्या वर्साचा. मांगं लिहेलं हाये पाह्य.’

मागे खरंच चिकटपट्टीवर बाबांच्या वळणदार अक्षरात लिहिलं होतं: कार्डिओग्राम, वय वर्षे आठ. पुढच्या काळ्या पानावर वय वर्षे नऊ. सगळी पानं अशी क्रमाने लावलेली. तो कागद उष्णतेवर छापणारा असतो, गरम रुळांमधून काढला की सगळाच्या सगळा काळा पडतो. हे मला ठाऊक होतं, मी वर्गात तसला कागद मेणबत्तीवर धरून पोरांना दाखवते. आणि स्थळं घेऊन आलेली ती माणसं माझ्या याच काळ्या पानांत खिडकीच्या उजेडात भोक बघून गेली होती.

बाबांनी चष्मा काढून पुसला. ‘चिखलीले लॅमिनेशनचं मशीन आल्तं नवं. पट्ट्या पिवळ्या पडून राह्यल्या होत्या, रेघा उडून राह्यल्या होत्या. म्हटलं, पोरीचे कागद हायेत, जल्मभर टिकले पायजे. गठ्ठा देला आन बाजार करून आलो. आलो तं सगळेच काळे.’

‘मग?’

‘मंग काय. अकोल्याचा डॉक्टर दरसाल पट्ट्या मांगे. तो मले म्हणे, बाबू, तुमच्यासारखी फाईल मी कोणाचीच पाह्यली नाही. चार माणसाईपुढं म्हणे. त्याच्याकडं हे काळे पत्रे घेऊन कोणत्या तोंडानं जाऊ?’

मला समजायला थोडा वेळ लागला. ‘म्हणजे आणायची गरज नाही असं डॉक्टर म्हणालेच नव्हते?’

बाबांनी चष्मा पुन्हा पुसायला घेतला. दारातून आई हळूच म्हणाली, ‘म्या तं पेढे वाटले.’

मी खूप बोलले त्या दिवशी. लाजेपायी माझी वीस वर्षं बिनतपासणीची घालवली म्हणाले. मला कळशी उचलू दिली नाही, सायकल दिली नाही, आणि जी एक गोष्ट करायची होती तेवढीच केली नाही म्हणाले. बाबा मान खाली घालून ऐकत होते आणि काळी पानं पुन्हा वयाप्रमाणे लावत होते. ते पाहून मी आणखी चिडले. शेवटी मला खरंच धाप लागली आणि आईने पाणी आणलं. बाबा म्हणाले, ‘मी येतो संग. मीच सांगतो डॉक्टरीणबाईले.’

संभाजीनगरच्या त्या दवाखान्यात बाबा खुर्ची पुढे केली तरी बसले नाहीत. कार्यालयात साहेबांसमोर उभं राहावं तसे उभे राहिले, फाईल टेबलावर ठेवली आणि घरी कधी बोलत नाहीत अशा पुस्तकी मराठीत म्हणाले, ‘मॅडम, चूक माझी आहे.’ मग गठ्ठा, मशीन, बाजार, सगळं सांगितलं. मला वाटलं होतं मला बरं वाटेल. वाटलं नाही. दुसऱ्या माणसाची लाज अशी समोर उभी राहिलेली बघायला मला आवडत नाही, मग राग कितीही असो.

डॉक्टरीणबाईंनी एक काळं पान उलटसुलट पाहून बाजूला ठेवलं आणि डिस्चार्ज कार्ड वाचायला घेतलं. ते मात्र प्लॅस्टिकखाली जसंच्या तसं राहिलं होतं. झडप कापून उघडली होती, पॅच लावला होता, सगळं लिहिलेलं होतं. शेवटच्या ओळीवर त्यांनी बोट ठेवलं. दरवर्षी तपासणी, आयुष्यभर. त्या माझ्याकडे वळल्या. झडप बदलायची आहे, येत्या दोन-तीन महिन्यांत, यापुढे थांबायचं नाही. कप्पा जरा जास्तच ताणला गेलाय, ऑपरेशननंतर किती पूर्ववत होईल ते आत्ता सांगता येणार नाही. पाच-सहा वर्षं आधी कळलं असतं तर मी एवढा ताणू दिला नसता, असं त्या म्हणाल्या. सोबत आलेल्या नवऱ्याने माझा हात धरला.

बाबांनी विचारलं, ‘म्हणजे या पट्ट्या शाबूत असत्या तर…’

‘पट्ट्यांचं काय हो,’ डॉक्टरीणबाई लिहिता लिहिता म्हणाल्या. आवाजात राग नव्हता, दिवसभर पेशंट बघून आलेला थकवा होता. ‘तो कागद तसाही दोन-चार वर्षांत उडतो. बहुतेक लोक जुनं काही आणतच नाहीत. आम्ही नवीन काढली असती. मुलीला आणायचं होतं फक्त.’

तेव्हा बाबा खुर्चीवर बसले. मी त्यांच्याकडे बघितलं नाही. बघितलं असतं तर तिथल्या तिथे माफ करावं लागलं असतं, आणि एवढ्या लवकर ते करायची माझी तयारी नव्हती.